दृष्टिपटलाची हाक

मुद्रितशोधनाचे काम मी सव्वीस वर्षे करत आले आहे, आणि या कामात डोळ्यांना अशी सवय लागते की वाक्याचा अर्थ लागण्याआधी अक्षरावरची खूण दिसते. एका पुस्तकाच्या दुसऱ्या मुद्रितात ‘त्यांनी’ या शब्दावरचे अनुस्वार मला पाच ठिकाणी गळलेले दिसले आणि ते मी पाचही ठिकाणी लाल शाईने घातले. कागद जरा तिरका धरला तेव्हा लक्षात आले की ते सगळे अनुस्वार मुळात छापलेलेच होते. उजवा डोळा झाकला की ते जागच्या जागी असत, डावा झाकला की नाहीसे होत, आणि त्याच वेळी ओळीच्या मधल्या भागातली शिरोरेषा पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी किंचित वाकलेली दिसे.

मला मधुमेह होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. डोळा दुखत नव्हता, लाल झालेला नव्हता, पाणीही येत नव्हते. दरवर्षी दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला प्रकाश टिपणारा पडदा, तपासून घ्यायला हवे हे मला माहीत होते, तरी आधीच्या तपासणीला तीन वर्षे उलटून गेली होती. मधुमेहाने दृष्टिपटलात होणारी हानी बराच काळ कोणतीही जाणीव न देता वाढत राहते, आणि नजर अधू झाल्याचे कळते तेव्हा आत बरेच काही घडून गेलेले असते. हे वाक्य मी आरोग्यविषयक पुस्तिकांच्या मुद्रितांत कितीदा तरी तपासले असेल, पण ते स्वतःला लावून कधी वाचले नव्हते.

तपासणीत आधी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले गेले आणि मग ओसीटी नावाची चाचणी झाली. यंत्रावर हनुवटी टेकवून एका प्रकाशबिंदूकडे पाहत राहायचे, एवढेच रुग्णाचे काम असते. डोळ्याला स्पर्शही न करता प्रकाशाच्या परावर्तनावरून दृष्टिपटलाचा उभा काप पडद्यावर उमटतो. ही पद्धत १९९१ मध्ये प्रथम जगापुढे आली. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे काप शेजारी शेजारी लावून दाखवले. डाव्या डोळ्यात पीतबिंदूच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या बारीक पाहणाऱ्या मधल्या भागाच्या, मध्यावर असायला हवा तो उथळ खळगा दिसत होता. उजव्या डोळ्यात खळग्याच्या जागी उंचवटा होता आणि त्याच्या पोटात काळ्या, गोलसर पोकळ्या होत्या. त्या मला रिकाम्या वाटल्या, पण त्या द्रवाने भरलेल्या होत्या. द्रवावरून प्रकाश परतत नाही म्हणून त्या काळ्या दिसतात. मध्यभागाची जाडी, जी साधारण अडीचशे ते पावणेतीनशे मायक्रॉनांच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, ती उजव्या डोळ्यात ४३८ आणि डाव्यात ३१२ भरली. उजव्या डोळ्याची नजर ६/१८ होती, डाव्याची ६/६, म्हणजे निरोगी डोळ्याइतकी.

दुसऱ्या दिवशी दंडाच्या शिरेतून फ्लोरेसिन नावाचा पिवळा रंग टोचून डोळ्याच्या आतली छायाचित्रे काढली. काही सेकंदांतच तो रंग दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांत पोहोचला. आधी केशवाहिन्यांवरचे बारीक फुगे पांढऱ्या ठिपक्यांसारखे उजळले, कडेच्या भागात जिथे रक्त पोहोचतच नव्हते तिथले पट्टे काळेच राहिले, आणि काही मिनिटांनी पीतबिंदूभोवतीचे ठिपके टीपकागदावर शाई पसरावी तसे कडांनी फुटू लागले. रंग वाहिनीबाहेर झिरपत होता. मी विचारले, “नळी फुटली आहे का?” डॉक्टर म्हणाल्या, “फुटलेली नाही. तिची भिंत सैल करण्याचा हुकूम सुटला आहे, आणि भिंत तो पाळते आहे.”

हुकूम कोणाचा, हे त्यांनी थोडक्यात सांगितले: डोळ्याच्या आत पेशींनी सोडलेल्या एका प्रथिनाचा. त्याचे नाव व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर, व्यवहारात व्हीईजीएफ. मराठीत त्याला रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचा वृद्धिघटक म्हणता येईल. उपचार त्या प्रथिनाला अडवण्याचा होता आणि त्यासाठी डोळ्यात सुई टोचावी लागणार होती, तीही एकदा नव्हे तर सुरुवातीला दर महिन्याला. सुईची भीती मला वाटलीच. पण भीतीपेक्षाही, जे अडवायचे ते नेमके काय आहे हे कळल्याशिवाय संमतिपत्रावर सही करायची नाही असे मी ठरवले आणि त्यासाठी आठवडाभर वाचत राहिले.

वाचनातून पहिली गोष्ट कळली ती ही की दृष्टिपटल हा शरीरातल्या सर्वांत अधाशी ऊतींपैकी एक आहे. वजनाच्या मानाने त्याला प्राणवायू फार लागतो, आणि अंधारात प्रकाशग्राही पेशींची ही गरज आणखी वाढते. वर्षानुवर्षे रक्तातली साखर चढी राहिली की केशवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेरिसाइट पेशी मरू लागतात, वाहिन्यांचे अधःस्तर जाड होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आतल्या भिंतीला चिकटून वाट अडवतात आणि काही केशवाहिन्या कायमच्या बंद पडतात. त्या वाहिन्यांवर जगणाऱ्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. पेशीत एक नियामक प्रथिन सतत तयार होत असते आणि प्राणवायू पुरेसा असला की तितक्याच सतत नष्ट केले जाते. प्राणवायू घटला की ते नष्ट होत नाही, पेशीच्या केंद्रकात जाते आणि काही जनुके चालू करते. पेशींना प्राणवायूची उणीव कशी कळते, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चालू होणाऱ्या जनुकांपैकी एक व्हीईजीएफचे असते.

हे प्रथिन तयार करणाऱ्या पेशी ते स्वतःसाठी ठेवत नाहीत. दृष्टिपटलाच्या पूर्ण जाडीतून आरपार गेलेल्या म्यूलर पेशी आणि इतरही काही पेशी ते बाहेर सोडतात. तिथून ते रक्तवाहिनीच्या अंतःस्तरावरच्या ग्राहींना, म्हणजे असे संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटते, आणि शेजारशेजारच्या पेशींना घट्ट जोडणारे सांधे सैल होतात. एरवी रक्तातला द्रव दृष्टिपटलात येऊ न देणारी भिंत मग पाझरू लागते. पाझरलेल्या द्रवाबरोबर चरबीयुक्त प्रथिनेही येतात. पाणी शोषले गेले तरी ती मागे उरतात आणि पिवळसर कडक ठिपके होऊन बसतात. प्राणवायूसाठी पेशींनी या प्रथिनातून दिलेली ही हाक आणखी जोरात आणि दीर्घकाळ चालू राहिली तर नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मात्र त्या ठिसूळ असतात, भलत्या जागी वाढतात आणि डोळ्यात रक्तस्राव घडवतात. माझा डोळा त्या टप्प्याला गेलेला नव्हता.

या प्रथिनाचा शोध दोन वेगवेगळ्या वाटांनी लागला, आणि ती हकीकत मला अजूनही विलक्षण वाटते. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञांनी असे मांडले होते की दृष्टिपटलातूनच एखादा पसरणारा रासायनिक घटक सुटत असावा आणि रक्तवाहिन्यांची वाढ त्यावर ठरत असावी. त्या घटकाला नाव नव्हते. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर, हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गिनीपिगांच्या अर्बुदांतून, म्हणजे गाठींतून, स्रवणारे, रक्तवाहिन्यांना पाझर फोडणारे एक प्रथिन सापडले. १९८९ मध्ये नेपोलियन फेरारा यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणारे प्रथिन वेगळे काढले. एकाचा शोध पाझराचा होता आणि दुसऱ्याचा वाढीचा, पण रेणू तपासल्यावर दोन्ही एकच निघाले. १९९४ मध्ये लॉईड आयेलो आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला आलेल्या १६४ रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवाचे २१० नमुने तपासले. ज्यांच्या डोळ्यांत नव्या वाहिन्या जोमाने वाढत होत्या, त्यांच्या नमुन्यांत हे प्रथिन खूप अधिक होते आणि लेझर उपचार यशस्वी झाल्यावर ते बरेच उतरलेले होते. दृष्टिपटलाच्या कडेला लेझरने डाग दिल्यावर दूरच्या वाहिन्या का सुकतात, याचेही उत्तर त्यात होते: प्राणवायू मागणाऱ्या पेशी कमी झाल्या की हाकही क्षीण होते.

संमतिपत्रावर सही करण्याइतकी माझी खात्री ज्या एका मुद्द्याने पटली तो मात्र साधा होता. हे प्रथिन स्रवते. ते पेशीच्या आत राहून काम करणारे असते तर त्याला गाठायला औषधाला पेशीत शिरावे लागले असते. ते बाहेर पडते, द्रवात तरंगत जाते आणि दुसऱ्या पेशीच्या दाराशी पोहोचते. त्या वाटेवरच त्याला धरणारे काही ठेवले तर ते दारापर्यंत जातच नाही. बेव्हासिझुमॅब हे पूर्ण प्रतिपिंड (ठरावीक रेणूला नेमके धरणारे प्रथिन), रॅनिबिझुमॅब हा प्रतिपिंडाचा लहान तुकडा आणि अफ्लिबरसेप्ट हा ग्राहीचेच भाग जोडून बनवलेला सापळा, ही तिन्ही औषधे याच तत्त्वावर चालतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६६० रुग्णांवरच्या एका तुलनेत नजर थोडीच उणावलेली असताना तिन्ही जवळजवळ सारखी ठरली, आणि नजर बरीच उणावलेली असताना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्टने अधिक सुधारणा दिली. माझ्या उजव्या डोळ्याची नजर दुसऱ्या गटातली होती, म्हणून डॉक्टरांनी तेच निवडले.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आधी विचारले गेले की अलीकडे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला होता का, डोळ्याला कुठे संसर्ग आहे का. मग बधिरतेचे थेंब थोड्या थोड्या वेळाने तीनदा घातले. पापण्या आणि त्यांभोवतीची त्वचा पोव्हिडोन आयोडीनने पुसली आणि त्याचेच थेंब डोळ्यातही सोडले, तेव्हा सगळी खोली क्षणभर चहाच्या रंगाची झाली. निर्जंतुक कापडाने चेहरा झाकला गेला, फक्त उजवा डोळा उघडा राहिला आणि पापण्यांमध्ये तारेची चाप बसवली. पापणी मिटण्याची इच्छा होते पण मिटता येत नाही, हा त्या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग होता; सुईचा भाग त्याहून सोपा गेला. “वर डावीकडे पाहा, काकू, आणि तिथेच थांबा,” असे परिचारिका म्हणाल्या. डॉक्टरांनी मोजपट्टीने बुबुळाच्या कडेपासून चार मिलिमीटरांवर खूण केली. तिथून सुई आत गेली की ती भिंगालाही लागत नाही आणि दृष्टिपटलालाही नाही. एक बोथट दाब जाणवला, वेदना अशी नव्हे. आत गेलेले औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे एक थेंब. त्याच क्षणी मला नजरेत करड्या रेषांची एक वेटोळी दिसली. पाण्यात शाई सोडल्यावर ती जशी उलगडत जाते तशीच ती हळूहळू उलगडत नाहीशी झाली. मी बघत होते ते औषध होते, आणि ते पसरताना मला आतून दिसत होते.

“बोटे किती?” डॉक्टरांनी विचारले. मी तीन म्हणाले. डोळ्यातला दाब क्षणभर वाढतो तेव्हा मुख्य धमनीतले रक्त चालू आहे ना, हे पाहण्याची ही झटपट रीत आहे. घरी आल्यावर नजरेच्या खालच्या कडेला एक काळा गोल तरंगताना दिसला आणि मी घाबरले. फोनवर कळले की तो सुईबरोबर गेलेला हवेचा बुडबुडा होता. बुडबुडा डोळ्यात वरच चढतो, पण दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडत असल्याने तो आपल्याला खाली दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो लहान होत होत विरून गेला. रात्रभर डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपत होते, ते आयोडीनमुळे. वेदना वाढत गेली, डोळा लाल होत गेला किंवा नजर आणखी मंदावली तर सकाळची वाट न पाहता यायचे, असे बजावून सांगितले होते. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण हजार इंजेक्शनांत एकापेक्षाही कमी असले तरी तो झाला तर तासांचा हिशेब असतो. मला तो झाला नाही.

चार आठवड्यांनी जाडी ४३८ वरून ३६१ वर आली, दुसऱ्या इंजेक्शननंतर ३१८, तिसऱ्यानंतर २८९. नजर ६/९ झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्शनच्या मधल्या काळात एका सकाळी शिरोरेषा सरळ दिसली, आणि मी बराच वेळ तेच एक पान समोर धरून बसले.

त्यानंतर मी चूक केली. चौथी तारीख एका मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या मुद्रितांत अडकली, मग घरातल्या आजारपणात, आणि पाहता पाहता अकरा आठवडे गेले. दिसत चांगले होते, त्यामुळे घाई वाटली नाही. अकराव्या आठवड्यात ‘त्यांनी’वरचा अनुस्वार पुन्हा पुसट झाला. ओसीटीत जाडी ४०२ निघाली, काळ्या पोकळ्या पुन्हा त्याच जागी होत्या. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मला फ्लोरेसिनची जुनी छायाचित्रे पुन्हा दाखवली आणि कडेच्या काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवले. तेव्हा मला उपचाराची मर्यादा खऱ्या अर्थाने कळली. औषध दृष्टिपटलाची हाक वाटेत अडवते, पण त्याची भूक भागवत नाही. बंद पडलेल्या केशवाहिन्या बंदच असतात, उपाशी पेशी प्रथिन सोडतच राहतात, आणि काही आठवड्यांत औषध डोळ्यातून निघून गेले की हाक पुन्हा दारापर्यंत पोहोचते. मी सुधारणेला बरे होणे समजले होते.

भूक जिथून सुरू होते तिथे हात घालायचा तर साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांकडे वळावे लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरच्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या दृष्टिपटलाला सुरुवातीला काहीच झालेले नव्हते, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणाने विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. माझा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. त्यावरचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात रक्तदाब आटोक्यात ठेवल्यानेही दृष्टिपटलाचा विकार पुढे सरकण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी, तेव्हा ९.४ होते. मी ते दोन महिन्यांत सातवर आणण्याचे ठरवले होते, पण मधुमेहाच्या डॉक्टरांनी थांबवले. दीर्घकाळ चढी असलेली साखर फार झपाट्याने उतरवली तर दृष्टिपटलाचा विकार काही काळ उलट बळावू शकतो, म्हणून ती टप्प्याटप्प्याने उतरवायची आणि त्या काळात डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही, असे त्यांनी सांगितले. आठ महिन्यांत ते ७.२ वर आले.

या वर्षभरात अनेकांनी मला विचारले की हे प्रथिन एवढे घातक असेल तर ते गोळी देऊन सबंध शरीरातूनच का काढून टाकत नाहीत. व्हीईजीएफ हा विषाचा प्रकार नव्हे. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच जरी नाहीशी केली तरी उंदराचा गर्भ जगत नाही, हे १९९६ मध्ये दिसून आले. जखम भरताना, गर्भाच्या वाढीत, मूत्रपिंडाच्या गाळणीत त्याची गरज असते, आणि निरोगी दृष्टिपटलातही ते थोडे हवेच असते. इंजेक्शन डोळ्यातच आणि थेंबभरच देण्यामागे, आणि पक्षाघाताबद्दल दर वेळी विचारण्यामागेही हेच कारण आहे. उपाशी पेशी जे करतात ते योग्यच करतात. त्यांना उत्तर म्हणून मिळतात त्या वाहिन्या मात्र कामाच्या नसतात.

डाव्या डोळ्याला इंजेक्शन का नाही, हा प्रश्नही मी विचारला होता, कारण तिथेही जाडी थोडी वाढलेली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूज मध्यापर्यंत आलेली पण नजर उत्तम असलेल्या रुग्णांचे तीन गट केले होते: लगेच इंजेक्शन, लेझर, आणि केवळ लक्ष ठेवून गरज पडली तरच इंजेक्शन. दोन वर्षांनी नजर उणावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. म्हणून माझ्या डाव्या डोळ्यावर लक्ष ठेवले जाते आहे. नुसते लक्ष ठेवणे हे माझ्या मनाला सुईपेक्षा जड जाते, हे मी मान्य करते.

आता उजव्या डोळ्याला एकूण अकरा इंजेक्शने झाली आहेत आणि दोन इंजेक्शनांमधले अंतर हळूहळू वाढवले जाते आहे. ते पुरेसे वाढले नाही तर व्हीईजीएफबरोबर अँजिओपोएटिन-२ या आणखी एका स्रवणाऱ्या प्रथिनालाही धरणारे फॅरिसिमॅब वापरता येईल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. तेही प्रथिन वाहिन्यांची भिंत अस्थिर करते. गेल्या भेटीत उजव्या डोळ्याची जाडी २७१ होती. पीतबिंदूच्या वरच्या कडेला दोन पिवळे कडक ठिपके अजून आहेत, ते विरायला महिने लागतात. रोज सकाळी कामाला बसण्यापूर्वी मी डावा डोळा झाकून रेघी वहीचे एक पान पाहते, मग उजवा झाकून तेच पान पाहते, आणि तारीख घालून दोन शब्द लिहून ठेवते. पुढची भेट दहा आठवड्यांनी आहे. त्या दिवशी दोन्ही डोळ्यांचे काप घ्यायचे आहेत, कारण डाव्या डोळ्याचा ३१२ चा आकडा गेल्या वेळी ३२४ झाला होता.